आधी पंगतीला बसा

हिराकाकीकडं आलेला माणूस आधी संशयित असायचा. पाहुणा तो नंतर, जमलं तर. गेटची कडी ती पूर्ण काढायचीच नाही. वीतभर फटीतून समोरच्याचे पाय बघायची, मग हात, आणि सगळ्यात शेवटी तोंड. "तोंड कोन पन गोड करतो," म्हणायची. मी पहिल्यांदा त्या फटीसमोर उभी राहिले तेव्हा माझ्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. त्या बघूनच तिनं मला आत घेतलं असं मला अजून वाटतं. ठरवून फसवायला आलेला माणूस निदान चपला तरी जोडीच्या घालून येतो.

काकी जाऊन वर्ष होत आलं. करंजाड्यातल्या आमच्या बालगृहाच्या हॉलमध्ये तिचा फोटो लावलाय. फोटोतसुद्धा ती फोटो काढणाऱ्याकडं डोळे बारीक करून बघतेय. संस्थेच्या ताई म्हणाल्या, तू तिच्याजवळ सगळ्यात जास्त राहिलीस, तूच लिही तिच्यावर. मी सातवीतून शाळा सोडलेली. लिहायला बसले की वाटतं काकी मागं येऊन उभी राहील आणि विचारेल, कुणाला दाखवायला लिहितेस, आणि ते लोक याचं पुढं काय करणार. तरी लिहिते. या गावात माझं म्हणावं असं जे काही आहे ते तिच्यामुळं आहे.

मी हिंगोलीकडची. नवऱ्याबरोबर इथं टॉवरच्या कामावर आले. तो एका मुकादमाबरोबर सुरतेकडं गेला आणि त्याचा फोन लागायचा बंद झाला. माहेरी परत जायची सोय नव्हती. साइटवरच्या एका बाईनं सांगितलं, त्या पिवळ्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकाला बाई पाहिजे, पण जपून हो, ती म्हातारी पोरं गोळा करते. कशाला करते, ते तिनं सांगितलं नाही. नुसत्या भुवया उडवल्या.

काकीनं मला पिशवी उपडी करायला लावली. शाळा का सोडली ते विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, मग इकडचं तिकडचं बोलून पुन्हा नवऱ्याचं नाव विचारलं. नाव तेच निघालं म्हणून जिन्याखालची खोली दिली. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. मी शेवटपर्यंत 'हिंगोली'च राहिले. "ए हिंगोली, मीठ कमी हाय." "हिंगोली, त्या गाडीतला मानूस अजून उभा हाय काय बग."

मीही तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता, हे सांगायला हवं. सुरुवातीचे कितीतरी महिने सकाळी एखादं ताट कमी लागलं की मी पोरं मोजायला लागायचे. पोर गेलं कुठं? कुणाला दिलं? मग कळायचं, ते तापानं वर झोपलंय आणि काकी त्याच्या उशाशी बसून डॉक्टरनं दिलेल्या गोळीकडं संशयानं बघतेय.

बालगृह कसं निघालं हे ती कुणाला नीट सांगायची नाही. पेपरवाल्याला म्हणाली होती, "घर रिकामा होता. रिकाम्या घरात लोक घुसतात." पेपरवाल्याला वाटलं बाई विनोद करतेय. खरं तर तेच कारण होतं. काकी आगरी, इथलीच. गावची शेती सरकारनं घेतली, बदल्यात करंजाड्यात प्लॉट मिळाला, त्यावर तिनं बिल्डिंग उभी केली. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. दिराच्या पोरांचा त्या बिल्डिंगवर डोळा होता. अशात एक दिवस खालच्या पार्किंगमध्ये सिमेंटच्या गोणपाटावर दोन पोरं झोपलेली सापडली. एक बहीण, एक भाऊ. काकीला वाटलं ही पुतण्यांनीच पेरलीत. आज पोरं झोपतील, उद्या त्यांचे आईबाप येऊन चूल मांडतील, परवा कोर्टात म्हणतील आम्ही कधीपासून राहतोय.

म्हणून तिनं त्यांना हाकललं नाही. त्यांच्या मागचा माणूस पकडायचा म्हणून वरच्या गॅलरीत बसून पाळत ठेवली. कोण त्यांना खायला आणतं, कोण येऊन बोलतं, सगळं बघितलं. कुणीच आलं नाही. पोरं स्टँडवर जायची, काहीतरी मागून आणायची, अर्धं खायची आणि अर्धं गोणपाटाखाली ठेवायची. "मंग मला कललं," काकी मला म्हणाली होती, "यांना पाठवनारा कोन नाय. यांना कोनच नाय."

तिनं त्यांना हाताला धरून पोलिसांत नेलं. तिथं साहेबांनी तिच्याकडंच वळून विचारलं, ही पोरं तुमच्याकडं आलीच कशी. बालकल्याण समितीपुढं उभं केल्यावर तिथंही तेच. एकट्या बाईला दोन पोरं कशाला हवीत, बिल्डिंगमध्ये किती भाडेकरू, नातेवाईक कोण. काकीला राग आला नाही. उलट तिला समितीबद्दल आदर वाटला. "बरोबर हाय त्यांचा. मी असती तर मी पन इचारला असता." तिला सांगितलं, असं घरात ठेवता येत नाही, संस्था लागते, नोंदणी लागते, मुलींची सोय वेगळी लागते, तपासणीला माणसं येणार. काकी म्हणाली, मग संस्था काढू. पुतण्यांनी गावभर केलं की म्हातारीला भूत लागलंय. गावकीतल्या म्हाताऱ्यांनी येऊन समजावलं. एकानं तर तोंडावर विचारलं की यात सरकारकडून काय मिळतं. काकीनं त्यालाही पंगतीला बसवलं.

ही पंगत म्हणजे काकीची कचेरी. आमच्याकडं कुणीही येवो, तपासणीचे साहेब, देणगी देणारी बाई, पोराचा नातेवाईक, त्याला खुर्ची मिळायची नाही. आधी पंगतीला बसायचं. खाली चटईवर, पोरांच्या मधोमध, पोरं खातात तेच. काकी स्वतः वाढायची आणि वाढता वाढता बघायची. कोण मांडी घालताना कुरकुरतो, कोण पोराच्या ताटाकडं बघतो, कोण सारखा मोबाइलकडं. एका बिल्डरची बायको वाढदिवसाला मोठा केक आणि फोटोवाला घेऊन आली होती. काकीनं केकचा पहिला तुकडा स्वतः खाल्ला आणि सगळ्यांना थांबवून ठेवलं. ती बाई म्हणाली, अहो, पोरांना द्या ना. काकी म्हणाली, "थांबा, अजून मी जिती हाय काय बगू." त्या बाईला हसू आलं, आणि मग ती खरंच पंगतीला बसली, सुकटीला नाक मुरडलं नाही. पुढं दर वर्षी यायची, फोटोवाल्याला न घेता. काकी तिच्याबद्दल म्हणायची, "बरी वाटते. बगू."

त्या पंगतीनं एकदा एका पोराला वाचवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अरमान नावाचा मुलगा होता, स्टेशनवरून आलेला. त्याला न्यायला एक माणूस आला, मी त्याचा मामू, म्हणाला. कागद चोख, बोलणं अदबीचं, अरमानसाठी बूट आणलेले. पंगतीत दोघं शेजारी बसले. अरमानच्या हातून डाळीची वाटी कलंडली आणि त्या माणसाच्या पँटवर सांडली. तो माणूस काही बोलला नाही, हसलासुद्धा. पण काकीनं वाढणं थांबवलं. त्याला चहा पाजला, गोड बोलली, नंतर या म्हणाली आणि गेट लावून थेट पोलिसांना फोन केला.

मी विचारलं, काय दिसलं तुम्हाला? ती म्हणाली, "त्यानं हात उचलला नाय. पन पोरानं मान चुकवली ना, हात जिकडनं येल तिकडनं. त्याला म्हाईत हाय तो हात." चौकशी झाली तेव्हा त्या माणसाकडं एका ढाब्यावर राबणारी आणखी पोरं निघाली.

त्यानंतर काकीच्या पंगतीवर कुणी शंका घेईना. समितीतले लोकही विचारायचे, हिराबाई, जेवले का ते तुमच्याकडं? आणि म्हणूनच मनूच्या वेळी जे झालं ते इतकं लांबलं.

मनू चार-साडेचार वर्षांची असताना पोलिसांनी पनवेल स्टेशनवरून आणलेली. आई नाही एवढं ती सांगायची. बाप कुठं विचारलं की गप्प. गावाचं नाव येत नव्हतं, आडनाव येत नव्हतं. वर्ष गेलं, त्याहून जास्तच गेलं. समितीनं पेपरात तिचा फोटो देऊन जाहिरात केली, कुणाची असेल तर पुढं या. कुणी आलं नाही तर तिला दत्तक द्यायला मोकळी ठरवायचं असा कायदा आहे. मग ती कुठल्या गावाला, कुणाच्या घरी जाईल हे आम्हालाही कळत नाही.

मुदत सरत आली आणि चांगुणाबाई आली. उरणकडच्या कोळीवाड्यातली, मासे विकणारी. मी मनूच्या आईची आई, म्हणाली. लेक वारली, जावई पोरीला घेऊन निघून गेला तो परत दिसला नाही, शेजारच्या पोरानं पेपरातला फोटो दाखवला. गेटच्या फटीतून काकीनं तिचे पाय बघितले, हात बघितले. ते कोळणीचेच होते. मनूला बाहेर आणलं तर ती माझ्या पदरामागं लपली. एवढ्याशा पोरीला तेवढ्या दिवसांनी काय आठवणार? चांगुणाबाईनं तिला जवळ ओढलं नाही. लांबूनच बघत राहिली.

काकी म्हणाली, आधी पंगतीला बसा.

बुधवार होता. ओल्या बोंबलाचं कालवण आणि भात. काकीनं मुद्दाम चांगले जाड बोंबील निवडून तिच्या ताटात वाढले, एवढं मला दिसलं. चांगुणाबाईनं ते बोटानं कडेला सारले आणि कोरड्या भाताला मीठ लावून खाल्लं.

"बोंबील नको?" काकीनं विचारलं.

"नको."

"बिगाडलाय?"

"नाय, ताजा हाय."

"मंग?"

"नको वाटतं."

 चांगुणाबाई गेल्यावर काकी पातेल्याशी येऊन उभी राहिली. म्हणाली, कोळीण आणि बोंबील नको म्हणते, असं तिनं जन्मात बघितलं नाही. मी म्हणाले, काही वार असेल. आमच्याकडं बायका सोमवार धरतात, गुरुवार धरतात. "बुधवारी कोल्यांचा कसला वार?" ती म्हणाली. "ती कोलीन नाय. कोनाची तरी बाई हाय, शिकवून पाठवलीय."  मासळीतलं मला काय कळतं? मी हिंगोलीची. बोंबील पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो आजारी वाटला होता.

काकीनं समितीपुढं शंका मांडली. चांगुणाबाईजवळ तिचं आधारकार्ड होतं, पण मनूचं नाव तिच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. घरी जाऊन चौकशी करायचं ठरलं, आणि ज्यांनी करायची त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. तारीख पुढं गेली. मुदत मात्र पुढं जात नव्हती.

चांगुणाबाई यायची थांबली नाही. दुपारी पाटी रिकामी झाली की उरणची गाडी पकडून यायची आणि आमच्या समोरच्या बदामाच्या झाडाखाली बसायची. हाक मारायची नाही, गेट वाजवायची नाही. पोरं शाळेतून आली की उभी राहायची, मनू आत गेली की पाटी उचलून जायची. काकी गॅलरीतून बघायची. "खोटा मानूस एवढा बसतो काय?" मला विचारायची आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणायची, "बसतो पन. मोटा डाव असला तर बसतो."

एक दिवस भाकरी थापताना ती येऊन म्हणाली, हिंगोली, उद्या साडी चांगली नेस, आपल्याला हळदीच्या जेवणाला मासळी बघायला जायचंय. मी विचारलं, हळद कुणाची? म्हणाली, "तुज्या पोरीची." मला पोर नव्हतीच. मग कळलं. चौकशी तिनं स्वतःच करायची ठरवली होती, तीही आपल्या पद्धतीनं.

आम्ही एसटीनं उरणला गेलो, तिथून रिक्षानं कोळीवाड्यात. काकीनं कपाळाला मोठं कुंकू लावलेलं, हातात हिरवा चुडा भरलेला. लग्नघरची बाई शोभत होती. धक्क्यावर एका कोळणीपुढं बसून तिनं पापलेट किती, कोळंबी कशी, असा भाव काढला, ही माझी भाची, हिच्या पोरीची हळद आहे म्हणून सांगितलं. मी मान हलवत होते आणि घामानं भिजत होते. मग सहज विचारल्यासारखं काकीनं विचारलं, इथं कुणी चांगुणाबाई म्हणून आहे का, तिचा माल कसा असतो?

ती कोळीण म्हणाली, "तिच्याकडनंच घे बाय. हात सोन्याचा हाय तिचा. सोताच्या तोंडात एक कांटा नाय टाकत, पन गिऱ्हाइकाला वास मारनारा कदी देनार नाय."

काकीचा हात पापलेटवर तसाच राहिला. "का नाय खात?"

"नात हरवली तिची. तवापासना सोडलीय. एकवीरेला नवस बोललीय."

"कोनाला सांगितला नाय तिनं?"

कोळणीनं काकीकडं विचित्र नजरेनं बघितलं. "सांगतात काय? देवीला बोललेला सांगितला की गेला. आमाला पन तिनं नाय सांगितला. ताटावरनं कललं."

ताटावरून शेजारणींना कळलं होतं. काकीही ताटच बघत होती.

तेवढ्यात चांगुणाबाई समोरून आली, डोक्यावर पाटी. काकीला बघितलं आणि पाटी धाडकन खाली ठेवली. मला वाटलं आता भांडणार. लग्नघरचा तो सगळा बनाव उघडा पडणार, शिव्या खाव्या लागणार. ती पळतच आमच्यापर्यंत आली. 

"माजी मनू बरी हाय ना?"

 मीच म्हणाले, बरी आहे, शाळेत गेलीय. तेव्हा ती खाली बसली. तिच्यासमोर काकीही बसली, तिथंच, ओल्या धक्क्यावर, चांगल्या साडीत.

"मी इचारला तवा तू बोलली का नाय?" काकी म्हणाली. "एक शबूद बोलली असती तर पोर तुज्या घरात असती आज."

"देवीला बोललेला तुमाला कसा सांगू? तुमी कोन माज्या?"

 काकी हातातल्या हिरव्या बांगड्या मागंपुढं करत राहिली. मग म्हणाली, "कोन नाय. पन आता जाते आनि बोलते."

ती तिथून घरी आलीच नाही. मला पनवेलला उतरवून तशीच समितीच्या कचेरीत गेली. तिथं काय झालं ते ताईंनी नंतर सांगितलं. काकी उभी राहून म्हणाली की माझी शंका चुकली, तसं लिहून घ्या. का घेतली होती विचारल्यावर तिनं बोंबलाचं सांगितलं. कुणीतरी हसलं. काकी म्हणाली, "हसा. पन चौकशी लवकर करा. माज्यामुलं पोर परक्या गावाला गेली तर मी हितून उटनार नाय." आणि ती खरंच बाकावर बसून राहिली, चौकशीला दुसऱ्या बाई नेमेपर्यंत. त्या बाई कोळीवाड्यात गेल्या, शेजारपाजारचे जबाब झाले, मनूच्या आईची शाळेतली नोंद मिळाली. मधल्या दिवसांत काकी चांगुणाबाईला रोज आत घ्यायची. पंगतीला बसवायची नाही. मनूला तिच्याजवळ नुसतं खेळू द्यायची आणि स्वतः आत निघून जायची. मनू हळूहळू तिच्या पाटीतल्या रिकाम्या जागेत बसायला लागली.

आदेश मुदतीच्या आत आला. काकीनं तो माझ्याकडून वाचून घेतला, मग ताईंकडून, मग रस्त्यानं जाणाऱ्या एका मास्तरांना थांबवून त्यांच्याकडून.

निघायच्या दिवशी आम्ही दोघी त्यांना पनवेल स्टँडवर सोडायला गेलो. काकी वाटभर चांगुणाबाईला विचारत होती. शेजारच्या घरात कोण राहतं, शेजारणीचा नवरा पितो का, तू पाटी घेऊन गेलीस की पोर कुणाजवळ, शाळेच्या वाटेवर रस्ता केवढा. चांगुणाबाई एकेकाचं उत्तर देत होती. गाडी लागली. मनूला खिडकीजवळ बसवलं. मनू माझ्याकडं बघून हसली, काकीकडं बघून हसली, मग आजीच्या मांडीवर पाय टाकून खिडकीचा गज धरून बसली. चांगुणाबाई म्हणाली, "काकी, आता किती इचारशील? एवडा वाटतंय तर ये बगायला."

काकी खाली उतरली. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलायला लागली तशी काकीनं माझ्या हातात तिची पिशवी कोंबली आणि हात वर करून गाडीपुढं जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर ओरडला. तिनं लक्ष दिलं नाही. दार उघडायला लावलं आणि चढली.

"एक उरन," कंडक्टरला म्हणालेलं मला ऐकू आलं.

त्यानंतर काकी आणखी दोन पावसाळे जगली, भांडली, कितीतरी माणसांना पंगतीत बसवलं. पण डोळे मिटले की मला ती त्या गाडीतच दिसते. गाडीत जागा नव्हती. ती मधल्या वाटेत उभी होती, वरचा दांडा धरून, पदर खोचून. बाहेर मी हात हलवत होते, पण तिची पाठ माझ्याकडं होती. तिचं लक्ष पुढं दुसऱ्या रांगेतल्या त्या दोन डोक्यांवर होतं. गाडी स्टँडच्या बाहेर वळली तरी तिनं मान हलवली नाही.